कंदिलावरचा भुंगा आणि पडद्यावरचे प्राणी

गेल्या दिवाळीतली गोष्ट. धाकट्या मुलीचा मुलगा सुट्टीत पुण्याहून आमच्याकडे कोकणात आला होता. वय वर्षे नऊ. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आम्ही आकाशकंदील लावला आणि चिवड्याची वाटी मध्ये ठेवून दोघे ओटीच्या पायरीवर बसलो. एवढ्यात अंधारातून घोंघावत काहीतरी आले, कंदिलावर थडकले आणि उताणे पडून पाय झाडू लागले. पाहतो तो माडाचा भुंगा! काळा कुळकुळीत, अंगठ्याएवढा, तोंडावर गेंड्यासारखे शिंग. माडाचा कोवळा गाभा पोखरणारा हा आमचा पिढीजात वैरी. मी सवयीने पायातली वहाण हातात घेतली.

तोच नातू ओरडला, "आजोबा, मारू नका! हा हेराक्रॉस आहे!"

"हेरा… कोण?"

त्याने धावत जाऊन आईचा मोबाईल आणला आणि एक चित्र माझ्यापुढे धरले. निळ्या रंगाचा, दोन पायांवर उभा राहिलेला एक प्राणी. डोक्यावर भले थोरले शिंग. व्हिडिओ गेममधला म्हणे. मी वहाण खाली ठेवली, भुंगा चिमटीत धरून उचलला आणि चित्राशेजारी नेला. रंग वेगळा, उभे राहण्याची ऐट वेगळी. पण शिंग, पाठीवरचे टणक कवच आणि एकंदर आडदांडपणा अगदी तोच. नातू दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "म्हणजे हे खरे असतात? मला वाटायचे, कुणीतरी मनाने काढलेत."

वाचकहो, पोराचा हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. खेळातले प्राणी खरेच कुणी मनाने काढतो का? या एका प्रश्नाच्या मागे लागून मी वर्षभर जे वाचले, पाहिले, त्याचीच ही हकीकत आहे. ज्यांच्या घरात आठ-दहा वर्षांचे मूल आहे आणि त्याच्या हातातून मोबाईल काढून घेण्याचा प्रसंग ज्यांच्यावर रोज येतो, त्यांनी तर ती अवश्य वाचावी.

किडेडॉक्टर

हेराक्रॉस ज्या खेळात आहे त्याचे नाव 'पोकेमॉन'. हा खेळ जपानी आहे, आणि त्याची मूळ कल्पना सातोशी ताजिरी या गृहस्थांची. ताजिरींचा जन्म १९६५ सालचा. त्यांचे बालपण टोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा नावाच्या उपनगरात गेले. उपनगर म्हणायचे एवढेच. त्या काळी तेथे भातखाचरे होती, ओढे होते, झाडी होती. या मुलाला किड्यांचे विलक्षण वेड. जपानी मुलांत भुंगे पकडण्याची आणि पाळण्याची हौस मोठी. शिंगाच्या भुंग्याला ती 'काबुतोमुशी', म्हणजे शिरस्त्राण घातलेला किडा, असे म्हणतात. आमच्या माडाच्या भुंग्याचा हा चुलत भाऊच. दोघे एकाच कुळातले.

भुंगा पकडायचा तर झाडाच्या सालीला मध लावायचा आणि वाट पाहत बसायचे, ही तिकडच्या मुलांची रूढ रीत. ताजिरींनी डोके लढविले. हा प्राणी दिवसा दगडाखाली झोपतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांनी झाडाखाली एक दगड ठेवून दिला. सकाळी जाऊन दगड उचलावा, तो खाली भुंगे हजर! सवंगड्यांनी त्यांचे नावच 'किडेडॉक्टर' ठेवले. आपण मोठेपणी कीटकशास्त्रज्ञ व्हायचे, असे त्या मुलाने ठरवूनही टाकले होते.

पण मुलगा वाढत होता तसे शहरही वाढत होते. दरवर्षी थोडी झाडे तुटत, थोडी खाचरे बुजत आणि किडे कमी होत. मासे धरायचे एक तळे होते, त्या जागी एके दिवशी पैसे टाकून खेळायच्या यंत्रांचे दुकान उभे राहिले. तळे गेले, आता करायचे काय? मुलगा त्या दुकानात शिरला. ताजिरींनी पुढे आपल्या मुलाखतींतून ही हकीकत स्वतःच सांगितली आहे.

त्या दुकानात त्यांना ज्या खेळाने झपाटले तो होता 'स्पेस इन्व्हेडर्स'. तोमोहिरो निशिकादो यांनी केलेला हा खेळ १९७८ साली बाजारात आला. आकाशातून परग्रहावरचे शत्रू रांगारांगांनी खाली उतरतात आणि आपण त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या. आता गंमत पाहा. माणसांवर गोळ्या झाडायला लावणे बरे नव्हे, म्हणून हे परग्रहवासी आले. पण परग्रहवासी दिसतो कसा? एच. जी. वेल्सच्या कादंबरीतले मंगळवासी आठपायी माकुळासारखे होते, ते निशिकादोंना आठवले, आणि त्यांनी आपली दृष्टी समुद्राकडे वळविली. वरच्या रांगेत माकुळ, मधल्या रांगेत खेकडा, खालच्या रांगेत आठपायी माकुळ! अंतराळातून आलेली ती भयंकर फौज म्हणजे वस्तुतः मासळीबाजारातली पाटी होती.

म्हणजे तळे बुजवून उभ्या राहिलेल्या दुकानात, पडद्यावर पुन्हा पाण्यातलेच प्राणी! ताजिरींच्या पुढच्या आयुष्यातही असेच काहीसे घडायचे होते.

तारेवरून चालणारा किडा

१९८३ साली ताजिरींनी खेळांविषयी हाताने लिहिलेले एक छोटे नियतकालिक काढले. त्याचे नाव 'गेम फ्रीक'. केन सुगिमोरी नावाचा एक चित्रकार तरुण त्यांना येऊन मिळाला, आणि १९८९ साली त्याच नावाची खेळ बनविणारी कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी निन्टेन्डो कंपनीने 'गेम बॉय' नावाचे खिशात मावेल असे यंत्र विकायला काढले. दोन यंत्रे एका तारेने जोडून दोन मुलांनी एकमेकांविरुद्ध खेळावे, अशी सोय त्यात होती.

इतरांना त्या तारेत स्पर्धा दिसली. ताजिरींना मात्र त्या तारेवरून एक किडा या यंत्रातून त्या यंत्रात चालत जाताना दिसला! लहानपणी मुले काड्यापेटीतला आपला किडा देऊन दुसऱ्याचा घेतात, तसे पडद्यावरच्या प्राण्यांचे करता आले तर? शहरात वाढणाऱ्या ज्या मुलांच्या नशिबी ओढा नाही की झाडी नाही, त्यांना रानात हिंडून किडे गोळा करण्याचा आनंद खिशातल्या यंत्रात मिळाला तर? या कल्पनेचा खेळ व्हायला सुमारे सहा वर्षे लागली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानात बाहेर पडला. त्यात १५१ प्राणी होते. आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे.

हे प्राणी रेखाटताना चित्रकाराच्या हाती काय होते? त्या यंत्राचा पडदा म्हणजे आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके. रंग नाहीतच, एकाच रंगाच्या चार छटा. एवढ्याशा जागेत प्राणी असा उभा करायचा की मुलाने क्षणात ओळखावा आणि जन्मभर विसरू नये. बारीकसारीक तपशिलाला तेथे थारा नाही. अशा वेळी एकच उपाय उरतो. खऱ्या प्राण्याची एखादीच खूण घ्यायची, पण ती नेमकी घ्यायची.

पहिल्या १५१ मध्ये पोलिवॅग नावाचा एक प्राणी आहे. निळा गोल देह, लहानशी शेपटी आणि पोटावर काळे चक्राकार वेटोळे. पाहणाऱ्याला वाटावे, नक्षी काढली आहे. पण ती नक्षी नव्हे. पावसाळ्यात डबक्यातले बेडकाचे पिल्लू ओंजळीत घेऊन उलटे करून पाहा. त्याच्या पोटाची कातडी इतकी पातळ असते की आतल्या आतड्याचे वेटोळे बाहेरून दिसते. माचिदाच्या ओढ्यात ताजिरींनी ते पाहिले होते, आणि तेच पोलिवॅगच्या पोटावर आले. ज्याने बेडकाचे पिल्लू कधी हातात घेतले नाही, त्याला ही खूण सात जन्मांत सुचली नसती.

या खेळातला सर्वांत प्रसिद्ध प्राणी म्हणजे पिकाचू. पिवळा, गुबगुबीत, लाल गालांचा. नातवाच्या दप्तरावर त्याचेच चित्र आहे. तो अत्सुको निशिदा या चित्रकर्तीने काढला. सगळे जण त्याला उंदीर समजतात. पण निशिदाबाईंनी सांगितले आहे की त्या दिवसांत त्यांना खारींचे वेड होते. खार गालात दाणे साठवते, तशी याने गालात वीज साठवावी! खारीची एक घरगुती सवय उचलली आणि तिची शक्ती झाली.

शेपटी, वाटी आणि भूकंप

पण नुसते निरीक्षण म्हणजे सर्वस्व नव्हे. जपानी चित्रकाराच्या हाताशी आणखी एक कोठार होते, आणि ते म्हणजे आजीबाईंच्या गोष्टी. आपल्याकडे वेताळ, मुंजा, हडळ, चकवा, तसे जपानात 'योकाई' नावाचे नाना प्रकारचे भूतमात्र आहे. नदीत एक, डोंगरावर एक, जुन्या छत्रीतसुद्धा एक! १७७६ साली तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने या सगळ्यांची चित्रे काढून ग्रंथ छापला. प्रत्येक भुताचे चित्र, शेजारी त्याचे नाव. जणू काय प्राणिशास्त्राचे क्रमिक पुस्तकच. विसाव्या शतकात शिगेरू मिझुकी यांनी हीच भुते चित्रकथांतून घरोघर नेली. महायुद्धात रबौलच्या आघाडीवर या माणसाचा डावा हात गेला. उरलेल्या एका हाताने त्यांनी जन्मभर भुते रेखाटली. साकाइमिनातो या त्यांच्या गावी रस्त्याच्या दुतर्फा आज शंभराहून अधिक योकाईंचे पुतळे उभे आहेत. पोकेमॉन काढणारी पिढी मिझुकींच्या चित्रकथा आणि त्यांवरचे चित्रपट पाहत वाढली होती.

आता खेळात ही भुते कशी उतरली ती पाहू.

जपानी समजूत अशी की कोल्हा म्हातारा होत जातो तशा त्याला शेपट्या फुटतात, आणि हजार वर्षे जगला की त्या नऊ होतात. खेळातली नाइनटेल्स ही नऊ शेपट्यांची कोल्हीण. तिची शेपटी कुणी धरली तर त्याला हजार वर्षांचा शाप लागतो.

चिनी आणि जपानी कथांत स्वप्ने खाणारा 'बाकू' नावाचा पशू आहे. त्याला सोंड हत्तीची, डोळे गेंड्याचे, शेपटी बैलाची, पंजे वाघाचे. पुढे मलायाच्या जंगलातला आखूड सोंडेचा टापिर हा खरा प्राणी जपानी लोकांना माहीत झाला तेव्हा त्यालाही त्यांनी 'बाकू'च म्हटले. खेळातला ड्राउझी या दोघांचा मुलगा शोभतो. अंग टापिरासारखे दुरंगी, आणि खाणे मात्र माणसांची स्वप्ने!

भूकंपाचे तसेच. आपल्याकडे शेषाने फणा हलविला की धरणी कापते. जपानात जमिनीखाली नामाझू नावाचा अवाढव्य मांगूर मासा आहे. काशिमाचा देव शिळेने त्याला दाबून ठेवतो. देवाचे जरा दुर्लक्ष झाले की मासा वळवळतो. १८५५ साली एदो, म्हणजे आजचे टोकियो, भूकंपाने हादरले, तेव्हा या माशाच्या चित्रांचा बाजारात पूर आला होता. आजही टोकियोत भूकंपाच्या वेळी मोकळे ठेवायच्या रस्त्यांच्या पाट्यांवर मांगूर रंगविलेला असतो. खेळात तोच व्हिस्कॅश नावाने धरणीकंप करतो.

सर्वांत मौजेचा काप्पा. हा नदीत राहतो, आकाराने मुलाएवढा, पाठीवर कासवाचे कवच आणि टाळूवर पाण्याने भरलेली वाटी. तो माणसांना पाण्यात ओढतो. त्याच्यापासून सुटका कशी करायची? त्याला लवून नमस्कार करायचा! जपानी भूत झाले तरी ते जपानीच. नमस्कार झाल्यावर परत लवून नमस्कार केल्यावाचून त्याला राहवत नाही. तो लवला की वाटीतले पाणी सांडले, आणि पाणी सांडले की त्याची शक्ती गेली. खेळातला गोल्डक हा जलचर याच घराण्यातला.

येथे मला एक गोष्ट उमगली. काप्पाच्या या कथेत व्हिडिओ गेमचे सगळे नियम आयतेच आहेत. तो राहतो कोठे, त्याचे बळ कशात, त्याचे मर्म कशात आणि त्याला हरवायची युक्ती कोणती, हे सारे आजीबाईंनी आधीच ठरवून ठेवले आहे. खऱ्या प्राण्याकडून चित्रकार देह घेतो. लोककथेकडून स्वभाव घेतो. आणि ज्याला देह आणि स्वभाव दोन्ही आहेत, तो प्राणी मुलांच्या मनात घर करतो.

शिवाय काप्पाचे आणखी एक काम होते. मुलांनी खोल पाण्यात उतरू नये, म्हणून तो होता. जपानात धोक्याच्या पाण्याजवळ लावलेल्या पाट्यांवर आजही काप्पाचे चित्र दिसते. आमच्या लहानपणी डोहाकडे जाऊ लागलो की आजी म्हणे, "गिऱ्हा ओढील हो!" गिऱ्हा आम्ही कुणी पाहिला नाही, पण डोह कोठे खोल आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. भुताची गोष्ट ही अशी गावच्या पाण्याची आणि रानाची खूणगाठ असे.

कल्पनेहून विलक्षण

कधी कधी तर निसर्ग आजीबाईंवरही ताण करतो. पहिल्या खेळातच पॅरास नावाचा एक किडा आहे. त्याच्या पाठीवर दोन अळंबी उगवलेली. तो मोठा होऊन पॅरासेक्ट झाला की एकच भली मोठी अळंबी त्याला झाकून टाकते, आणि डोळे पांढरे फटक होतात. किडा चालतो, पण चालविणारी असते अळंबी! वाचून अंगावर काटा येतो. पण हे मुळीच काल्पनिक नाही. किड्यांच्या अंगात वाढणारी बुरशी खरोखरच आहे. हिमालयात उत्तराखंडाचे लोक जी 'कीडाजडी' खणून काढतात आणि जी सोन्याच्या मोलाने विकली जाते, ती अशीच जमिनीतल्या अळीवर वाढलेली बुरशी. उष्ण प्रदेशातल्या रानांत हिची एक बहीण आहे, ती मुंगीला धरते. झपाटल्यासारखी मुंगी झाडावर चढते, पानाची शीर दातांत घट्ट धरते आणि तशीच मरते. मग तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ बाहेर येतो. २०१३ साली निघालेल्या 'द लास्ट ऑफ अस' या अमेरिकन खेळाने हीच बुरशी माणसांना लावली आणि जगाला घाबरवून सोडले. खेळ करणाऱ्यांना ही कल्पना सुचली ती भुताच्या गोष्टीवरून नव्हे, वन्यजीवनाच्या माहितीपटावरून!

आता अशीच आणखी एक हकीकत. पण ती ऐकून हसू येत नाही. खेळात कबुतो नावाचा एक अश्मीभूत प्राणी आहे. तपकिरी टोपासारखे कवच, खाली बारीक पाय. काबुतो म्हणजे शिरस्त्राण, हे वर आलेच. हा घेतला आहे 'काबुतोगानी' या समुद्रप्राण्यावरून. इंग्रजीत त्याला घोड्याच्या नालेचा खेकडा म्हणतात, पण तो खेकडा नव्हे. नाते लावायचे तर कोळी-विंचवांशी लागेल. डायनोसॉर जन्मायच्या कितीतरी आधी, चाळीस कोटी वर्षांपूर्वी, त्याचे पूर्वज समुद्रात होते. आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावर त्याचे भाईबंद आजही अंडी घालायला येतात. त्याचे रक्त निळे असते, आणि इंजेक्शनच्या औषधात जंतूंचे विष नाही ना, हे तपासायला ते वापरतात. तुम्ही-आम्ही घेतलेल्या कित्येक लशींमागे या मुक्या प्राण्याचे रक्त आहे.

जपानच्या कासाओका खाडीत हे प्राणी उदंड होते. १९२८ साली सरकारने त्यांच्या विणीची जागा राष्ट्रीय निसर्गस्मारक म्हणून जाहीर केली. पण पुढे शेतीसाठी जमीन हवी म्हणून त्याच खाडीत भराव पडला. आज कासाओकात या प्राण्याचे एक सुंदर संग्रहालय आहे. इमारतही त्याच्याच आकाराची. तेथे पिल्ले वाढवून समुद्रात सोडतात. २०१९ साली जपानी काबुतोगानीची नोंद धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत झाली. ज्याने पाच महाप्रलय पचविले, त्याला आपली भरावाची गाडी पचली नाही! आणि खेळातला कबुतो मात्र जगभरच्या मुलांच्या खिशात सुखरूप आहे.

आठव्या वर्षीची परीक्षा

हे वाचल्यावर माझ्या मनात आले, की हे चाललेय ते चांगले की वाईट? खेळामुळे मुले प्राण्यांच्या जवळ येतात की दूर जातात?

इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी ही गोष्ट तपासून पाहिली आणि २००२ साली 'सायन्स' या नामांकित नियतकालिकात छापली. प्राथमिक शाळेतल्या, चार ते अकरा वर्षे वयाच्या १०९ मुलांना त्यांनी चित्रे दाखविली. काही चित्रे त्यांच्याच देशातल्या नेहमीच्या झाडांची आणि प्राण्यांची, काही पोकेमॉनची. चार वर्षांच्या मुलांनी खरी झाडे-प्राणी शंभरात ३२ ओळखले आणि पोकेमॉन ७. आठव्या वर्षी काय झाले? खरे प्राणी ५३, पोकेमॉन ७८! ओकचे झाड किंवा बिजू ओळखण्यापेक्षा मुलांना पोकेमॉन ओळखणे सोपे जात होते.

यावर डोक्याला हात लावून बसणे सोपे आहे. पण बामफर्ड यांचे म्हणणे निराळे होते. मुलांची स्मरणशक्ती अफाट आहे, प्राण्यांविषयीचे कुतूहल दांडगे आहे, हेच यावरून दिसते. मग पोकेमॉनवाल्यांना जे जमले ते निसर्गरक्षण करणाऱ्यांना का जमू नये? दोष मुलाच्या डोक्यात नाही. त्या डोक्यात कोण काय भरतो, हा प्रश्न आहे.

आणि वाट उलटीही चालता येते. २०१६ साली चिली देशात सापडलेल्या एका नव्या रानटी मधमाशीला शास्त्रज्ञाने 'चिलिकोला चारिझार्ड' असे नाव दिले. चारिझार्ड हा खेळातला आग ओकणारा पोकेमॉन. २०१४ साली एका प्राचीन उडत्या सरड्याच्या वंशाला 'एरोडॅक्टिलस' हे नाव मिळाले; तेही खेळावरूनच. माचिदाचे किडे खेळात गेले, खेळ खेळलेली मुले शास्त्रज्ञ झाली, आणि खेळातली नावे पुन्हा किड्यांना लागली. २०२१-२२ साली तर जपानातल्या संग्रहालयांनी खेळातले अश्मीभूत प्राणी आणि खरे अश्म शेजारी शेजारी मांडून प्रदर्शन भरविले. त्यात खोटा कबुतो पाहून मूल खऱ्या जीवाश्मापाशी वळावे, असा बेत.

पालखीतले खवले मांजर

आपल्याकडे काय? कोठार आपलेही भरलेले आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. दुर्गेच्या वराने असुरांशी लढणारी एक मुलगी त्याची नायिका आहे. देव आणि असुर पडद्यावर आले, ही सुरुवात झाली. पण गिऱ्हा, चकवा, साती आसरा, गोव्याचा देवचार ही मंडळी अजून आपापल्या डोहात आणि पिंपळावरच आहेत. त्यांना उचलायचे तर आधी डोह आणि पिंपळ पाहिलेला माणूस हवा.

मला मात्र खरी आशा वाटली ती एका वेगळ्याच बातमीने. पोकेमॉनमध्ये सँडश्रू नावाचा खवल्यांचा प्राणी आहे. भ्यायला की अंगाचा चेंडू करतो. कोकणातल्या माणसाला तो पाहताच आपले खवले मांजर आठवेल. वाळवी आणि मुंग्या खाणारा हा निरुपद्रवी जीव खवल्यांच्या लोभाने चोरून मारला जातो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने त्याच्या रक्षणाचे काम हाती घेतले आणि गावोगाव लोकांना आपलेसे केले. २०२० साली चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने जागतिक खवले मांजर दिनी 'खवलोत्सव' केला. ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणे घातले, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत ठेवली आणि शिमग्यात देवाची पालखी नाचवितात तशी ती नाचविली!

जपानी चित्रकारांनी किडा आणि भूत एकत्र आणून खेळ केला. डुगवेकरांनी प्राणी आणि पालखी एकत्र आणून त्याच्या जिवाला जपले. दोन्हीकडे किमया एकच आहे. ज्या प्राण्याला गोष्ट मिळते, तो माणसाच्या लक्षात राहतो. फरक इतकाच, की खेळातला प्राणी यंत्र बंद केले तरी मरत नाही. रानातला मात्र आपण विसरलो की मरतो.

असो. त्या रात्रीच्या भुंग्याचे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. नातवाने तो काचेच्या बरणीखाली ठेवला आणि झोपायच्या वेळेपर्यंत पालथे पडून त्याचे चित्र काढले. पाय सहा, पुढच्या दोन पायांना दाते, पोटाखाली तांबूस लव. ही लव हेराक्रॉसला नाही, हेही त्यानेच शोधून काढले. सकाळी अभ्यंगस्नान होताच विचारले, "आजोबा, आता याला सोडायचे ना?"

मोठा पेच पडला. माडाचा शत्रू हातात आलेला. तो सोडला असे शेजाऱ्यांना कळले तर ते काय म्हणतील? शेवटी आम्ही दोघे बरणी घेऊन वाडीपासून खूप लांब, माड नाहीत अशा रानात गेलो आणि तेथे त्याला ठेवून आलो. परत येताना पोराने वाटेतले तीन दगड उचलून खाली काय आहे ते पाहिले. पहिल्या दोहोंखाली काही नव्हते. तिसऱ्याखाली वाणी होता. हात लागताच त्याने अंगाचे वेटोळे केले. नातवाने तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

यंदाही तो येणार आहे. परवा फोनवर म्हणाला, "आजोबा, कंदील लवकर लावा हं. आणि वहाण आत ठेवा."